पहिल्या पाच दिवसांत सत्तर टक्के खर्च: खानापूर तालुक्यातलं औषधाच्या रिॲक्शनचं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ४६, वजन ५८ किलो. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे, जांबोटी भागात भातशेती करणारा. घरात आई, बायको आणि बेळगावात कॉलेजला जाणारी मुलगी. धाकटा भाऊ शेजारीच वेगळा राहतो. आजार म्हणजे ॲलोप्युरिनॉल या गोळीने अंगावर उठलेली गंभीर रिॲक्शन. दवाखान्यात १९ दिवस गेले, घरातून रोख १ लाख ६७ हजार रुपये गेले. माणूस वाचला.

मी बेळगावात रुग्णांच्या नातेवाइकांना सरकारी योजनांच्या कागदपत्रांत मदत करतो. या घराच्या सगळ्या पावत्या, चिठ्ठ्या आणि रिपोर्ट कुटुंबाच्या परवानगीने मी तारखेवार लावून पाहिले. १ लाख ६७ हजारांपैकी १ लाख १८ हजार रुपये, म्हणजे सुमारे सत्तर टक्के, दवाखान्यातल्या पहिल्या पाच दिवसांत गेले होते. पुढचे चौदा दिवस उपचार जास्त होते, पण घरातून पैसे कमी गेले. असं का झालं, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण सविस्तर लिहितोय. रुग्णाचं नाव आणि गाव मुद्दाम देत नाही, दवाखान्यांचंही नाही.

गोळी कशी सुरू झाली

रोप लावणीच्या आधी गुडघे दुखायला लागले. चिखलात दिवसभर वाकून काम करणाऱ्या सेहेचाळीस वर्षांच्या माणसाचे गुडघे दुखणं यात नवल काही नाही. जवळच्या एका तपासणी शिबिरात रक्त दिलं, तिथे युरिक ॲसिड ७.६ आलं. रिपोर्टवर आकडा ठळक छापलेला आणि पुढे बाण. तो रिपोर्ट घेऊन ते नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल ३०० मिलिग्रॅम, रोज एक, महिनाभर, आणि सोबत दुखण्याची गोळी लिहून दिली.

ॲलोप्युरिनॉल हे वाईट औषध नाही. १९६०च्या दशकापासून ते वापरात आहे, आणि ज्याला खरोखर गाऊट आहे त्याला त्याचा मोठा आधार असतो. गाऊटचा माणूस ओळखू येतो. एका रात्रीत पायाच्या अंगठ्याचा सांधा लाल होऊन टम्म सुजतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. या रुग्णाला तसं कधीच झालं नव्हतं. नुसता युरिक ॲसिडचा आकडा थोडा वाढलेला असला आणि गाऊटचा त्रास नसला, तर बहुतेक वेळा गोळी लागत नाही. ज्याला लागते त्यालाही सुरुवात १०० मिलिग्रॅमने किंवा त्याहून कमी मात्रेने करावी, मूत्रपिंड अधू असेल तर आणखी जपून, असं वैद्यकीय मार्गदर्शक सूत्रं सांगतात. सुरुवातीलाच जास्त मात्रा दिली की त्वचेच्या रिॲक्शनचा धोका वाढतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की या खर्चाचं मूळ त्या रिपोर्टवरच्या बाणात आहे. शिबिरात युरिक ॲसिड तपासायचं असेल, तर त्या आकड्याचा अर्थ सांगणारा माणूसही शिबिरात बसवायला हवा. आमच्या भागात आकडा एकीकडे मिळतो आणि औषध दुसरीकडे, आणि मधली चौकशी कुणीच करत नाही.

चार दिवस जे हातातून गेले

गोळी सुरू होऊन सतराव्या दिवशी ताप आला. डोळे चुरचुरायला लागले, घसा दुखायला लागला. पावसाळ्याचे दिवस, गावात तापाचे आणखी रुग्ण होतेच, म्हणून डेंग्यूची तपासणी झाली. ती निगेटिव्ह आली. सलाईन लागलं, अँटिबायोटिक सुरू झालं. युरिक ॲसिडची गोळी मात्र रोज जेवणानंतर चालूच होती, कारण ती "सांध्याची" गोळी. तिचा आणि तापाचा काही संबंध असेल असं घरात कुणाला वाटायचं कारणच नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही.

एकोणिसाव्या दिवशी छातीवर आणि पाठीवर लालसर, मध्ये काळपट असे चट्टे उठले. आईने गोवर किंवा कांजिण्या समजून कडुलिंबाचा पाला अंथरुणाखाली घातला. वहिनींनी, म्हणजे रुग्णाच्या बायकोने, मला सांगितलेलं वाक्य मी जसंच्या तसं लिहितो: "आंग नुसतं जळुलालंय म्हणुलालते, पण बघाय गेलं तर फोड कुठं दिसत नव्हता." ही खूण फार महत्त्वाची आहे. या आजारात फोड यायच्या आधी कातडी दुखते. साध्या ॲलर्जीत खाज सुटते, इथे आग होते. तापाबरोबर अंगाची आग, डोळे लाल, तोंड किंवा लघवीची जागा सोललेली, आणि मागच्या एक ते चार आठवड्यांत नवीन सुरू झालेली एखादी गोळी, एवढं जुळून आलं की ती गोळी त्याच क्षणी थांबवून मोठा दवाखाना गाठायचा असतो.

एकविसाव्या दिवशी ओठ सुजून रक्ताळले, पाणी गिळवेना, आणि शर्ट काढताना पाठीची कातडी शर्टाबरोबर निघून आली. तेव्हा गाडी करून खानापूरला नेलं. तिथे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या ड्यूटी डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "महिन्याभरात कुठली नवीन गोळी सुरू केली?" भावाने खिशातून पाकीट काढून दाखवलं. डॉक्टरांनी त्या पाकिटावर पेनाने काट मारली, गोळी बंद केली आणि बेळगावच्या सिव्हिलसाठी संदर्भपत्र लिहून दिलं. सगळ्या १९ दिवसांत रुग्णाच्या जिवाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं काम हेच झालं, आणि त्याला एक रुपयाही पडला नाही. संशयित औषध जितकं लवकर बंद होतं तितका रुग्ण वाचायचा संभव वाढतो. पुढच्या कुठल्याही महागड्या इंजेक्शनबद्दल हे इतक्या खात्रीने सांगता येत नाही.

या टप्प्यापर्यंतचा खर्च: डॉक्टर, तपासण्या, सलाईन, औषधं मिळून ४ हजार ७०० रुपये.

आजाराचं नाव

अमेरिकेतल्या स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी १९२२ मध्ये अशा दोन मुलांचं वर्णन केलं, म्हणून याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. १९५६ मध्ये लायेल या स्कॉटिश डॉक्टरांनी याचंच जास्त भयंकर रूप मांडलं, ज्यात अंगाची कातडी भाजल्यासारखी सुटत जाते. त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस म्हणतात. दोन्ही एकाच आजाराच्या पायऱ्या मानल्या जातात. शरीराच्या १० टक्क्यांहून कमी कातडी सुटली तर पहिला, ३० टक्क्यांच्या वर गेली तर दुसरा, मधलं असेल तर दोन्हींची सरमिसळ. आपल्या रुग्णाची कातडी साधारण १८ टक्के सुटली होती.

ॲलोप्युरिनॉलशिवाय फिट्सच्या काही गोळ्या (कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन), सल्फाच्या गोळ्या, एचआयव्हीवरचं नेव्हिरापिन आणि दुखण्यावरची पिरॉक्सिकॅम-मेलॉक्सिकॅमसारखी औषधं ही यातली नेहमीची संशयित. यातली बरीचशी साधी, मेडिकलमध्ये सहज मिळणारी.

दोन रात्री, ४१ हजार

खानापूरहून निघालेली गाडी सिव्हिलला गेलीच नाही. वाटेत फोनाफोनी झाली. "सिव्हिलला नको म्हणुलालते सगळे, गर्दी असते, कोण बघत नाही," भाऊ सांगतो. पाहुण्यांच्या ओळखीच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये नेलं. संदर्भपत्र भावाच्या खिशातच राहिलं.

तिथल्या लोकांनी हेळसांड केली असं मी म्हणणार नाही. पण तिथे त्वचारोगतज्ज्ञ रोज येणारे नव्हते, डोळ्यांचे डॉक्टर नव्हते, वेगळी उबदार खोली नव्हती. दोन रात्रींचं बिल ४१ हजार आलं. खोलीचे ८ हजार, डॉक्टरांच्या व्हिजिटचे ६ हजार, तपासण्यांचे ७ हजार ३००, नर्सिंग आणि हातमोजे-कापूस वगैरेचे ३ हजार २००, आणि औषधं-इंजेक्शनं १६ हजार ५००. या शेवटच्या आकड्यात दोन भारी अँटिबायोटिक होती. जंतुसंसर्ग झाल्याचा पुरावा नसताना केवळ खबरदारी म्हणून अँटिबायोटिक देऊ नये असं या आजाराबद्दल तज्ज्ञ सांगतात. त्यात पैसे जातात, शिवाय आणखी एक तोटा होतो: ज्याला औषधानेच हे झालंय त्याच्या अंगात नवीन औषधं जितकी जातील तितका पुढे संशय कुणावर धरायचा याचा गोंधळ वाढतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी "आता मोठ्या दवाखान्यात न्या" असं सांगण्यात आलं. खोली वाढवून, माणसं वाढवून जे नर्सिंग होमला जमणार नव्हतं ते पहिल्याच रात्री सांगितलं असतं, तर बरं झालं असतं. लहान दवाखान्यांना माझी कळकळीची विनंती आहे की कातडी सुटत असलेला रुग्ण दारात आला तर त्याला रात्रभरसुद्धा ठेवून घेऊ नका.

मोठं रुग्णालय

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात दाखल करताना ५० हजार डिपॉझिट भरावं लागलं. वहिनींच्या पाटल्या आणि गंठण त्याच दुपारी पतसंस्थेत गेलं, ७० हजार मिळाले.

आत गेल्यावर मात्र कामाला शिस्त होती. त्वचारोग विभागाच्या डॉक्टरांनी रुग्णाची स्थिती एका ठरलेल्या गुणांकनावर मोजली. स्कॉर्टेन नावाची ही पद्धत २००० मध्ये प्रसिद्ध झाली. वय, कर्करोग, नाडीचा वेग, सुटलेल्या कातडीचं प्रमाण, आणि रक्तातली युरिया, साखर व बायकार्बोनेट अशा सात गोष्टी तपासून गुण देतात. या रुग्णाला दोन गुण मिळाले, एक चाळिशीपुढच्या वयाचा आणि एक १० टक्क्यांहून जास्त सुटलेल्या कातडीचा. दोन गुणांना मृत्यूचा अंदाज साधारण १२ टक्के असतो. तिसरा गुण जोडला गेला की तोच ३५ टक्क्यांवर जातो. डॉक्टरांनी हे मुलीला नीट समजावून सांगितलं, आणि घरातल्या घरात ती एकटीच हे सगळं समजून घेत होती.

मग औषधाचा प्रश्न आला, आणि इथे खर्चाची खरी वाट फुटते. एका नातेवाइकाने कुठूनतरी ऐकून इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन द्यायचा आग्रह धरला. हिशेब बघा. किलोमागे दोन ग्रॅम धरले तरी ५८ किलोच्या माणसाला ११६ ग्रॅम लागतात, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. बाटलीला दहा हजार धरले तर २ लाख ४० हजार. एवढं करून त्याने मृत्यू कमी होतात हे अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचे रिपोर्ट चांगले आहेत हे बघून सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या कॅप्सूल निवडल्या. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूत्रांतही सायक्लोस्पोरिनला महत्त्वाचं स्थान आहे. दहा दिवसांच्या कॅप्सूलचा खर्च ३ हजार ६०० रुपये आला. नातेवाइकांना "महागातलं औषध" म्हणजे "चांगलं औषध" वाटतं, आणि अशा वेळी सरळ नाही म्हणणारे डॉक्टर भेटणं हे नशीबच.

पण या आजारात औषधापेक्षा शुश्रूषा मोठी. खोली तीस-बत्तीस अंशांपर्यंत उबदार ठेवायची, कारण कातडी नसलेलं अंग झपाट्याने गार पडतं. सलाईन मोजून द्यायचं, भाजलेल्या रुग्णापेक्षा कमी. नाकातल्या नळीतून अन्न. डोळ्यांत दर दोन तासांनी थेंब, आणि पापण्या आतून चिकटू नयेत म्हणून डोळ्यांचे डॉक्टर रोज येऊन त्या सोडवत. सुटलेली कातडी ओढून काढायची नाही, तिला जागेवरच राहू द्यायचं, तीच पांघरूण होते.

पलंगावर अंथरायला सिस्टरनी केळीची पानं मागितली. भाऊ दर दोन दिवसांनी परसातली पानं कापून, मधला दांडा काढून, गुंडाळी करून आणायचा. रुग्णालयात ती वाफेवर निर्जंतुक करून पाठीखाली घालायचे. पान गार असतं, चिकटत नाही, आणि रुग्णाला कुशीवर वळवताना जखम ओढली जात नाही. भाजलेल्या जखमांसाठी केळीच्या पानांचा अभ्यास आपल्याकडे झालेला आहे, हे काही घरगुती तोडगा म्हणून चालत नाही. बाजारातली न चिकटणारी ड्रेसिंग पाठीच्या एवढ्या मोठ्या भागाला रोज वापरली असती तर तो खर्च या घराला पेलला नसता.

पहिल्या तीन दिवसांचं रोख बिल ७७ हजार झालं: आयसीयूतली वेगळी खोली २२ हजार ५००, तपासण्या १४ हजार २००, औषधं आणि ड्रेसिंग ३१ हजार ३००, डॉक्टर ९ हजार.

कार्ड घरात, पण चालू नाही

या घराकडे बीपीएल रेशनकार्ड आहे. आयुष्मान भारत आणि कर्नाटकची आरोग्य योजना २०१८ मध्ये एकत्र झाल्यापासून अशा कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळू शकतात. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या तीस टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. मग तीन दिवस ७७ हजार का भरले?

एक तर रुग्णाचं आरोग्य कार्ड कधी काढलंच नव्हतं. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून आईचं नाव, त्यावर मुलाचं नाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने. दुसरं म्हणजे, या योजनेत खाजगी रुग्णालयात जायचं तर साधारणपणे सरकारी दवाखान्याचं संदर्भपत्र लागतं. तातडीच्या प्रसंगी ते न घेताही जाता येतं. ही केस तातडीची होती याबद्दल कुणाचं दुमत नसावं. तरीही काउंटरवर "आधी सिव्हिलचं पत्र आणा" एवढंच सांगितलं गेलं. मुलगी दोन दिवस सिव्हिल, सेवा केंद्र आणि रुग्णालय असे हेलपाटे घालत होती. तिसऱ्या दिवशी तिने काकाच्या शर्टाच्या खिशातून खानापूरचं ते चुरगळलेलं संदर्भपत्र काढलं. त्याच्या आधारावर सिव्हिलमधून पुढचं पत्र लगेच मिळालं, आणि चौथ्या दिवशी मंजुरी आली.

त्या दिवसापासून खोली, डॉक्टर आणि तपासण्यांचे पैसे घरातून गेले नाहीत. आधी भरलेले मात्र परत मिळाले नाहीत. ही योजना कॅशलेस आहे, नंतर पावत्या दाखवून पैसे मागायची सोय तिच्यात नाही. माझ्याकडे येणारी निम्मी कुटुंबं हाच गैरसमज घेऊन येतात की आता भरू, मग मिळतील.

मंजुरीनंतरही बाहेरच्या मेडिकलमधून १८ हजार ५०० रुपयांचं सामान आणावं लागलं. त्यात पॅराफिनची जाळी आणि ड्रेसिंग ६ हजार २००, सायक्लोस्पोरिन ३ हजार ६००, डोळ्यांचे थेंब-मलम ४ हजार ९००, तोंडात लावायचं जेल आणि प्रोटीन पावडर ३ हजार ८००. योजनेत मंजूर झालेल्या उपचाराची औषधं रुग्णाला बाहेरून आणायला लावू नयेत. असं सांगितलं तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) लेखी विचारायचं, आणि उत्तर मिळालं नाही तर १४५५५ या क्रमांकावर तक्रार करायची. या कुटुंबाने पावत्या जपून ठेवल्या होत्या म्हणून नंतर तक्रार करता तरी आली.

खानापूरच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या पत्रावर गाडी त्याच दिवशी सिव्हिलला गेली असती, तर १ लाख १८ हजारांतला फार मोठा भाग वाचला असता. सिव्हिल वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथे जागा नसती किंवा सोय अपुरी पडली असती, तरी तिथून निघणारं पत्र हातात घेऊनच पुढच्या रुग्णालयात पाऊल पडलं असतं. गर्दीची भीती खरी आहे, मला ती रोज दिसते. पण त्या भीतीची किंमत या घराने सोन्यात मोजली.

कोल्हापूरला न्यायचा सल्ला

दुसऱ्याच दिवशी गावातल्या एका जाणत्या माणसाचा फोन आला की कोल्हापूरला घेऊन जा, महाराष्ट्राच्या योजनेत सगळं फुकट होईल. सल्ला मनापासूनचा होता. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, आणि त्याबद्दल आमच्याकडे लोकांच्या मनात आपुलकी आहे. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी कागद आधी तयार करून त्या बाजूला जाण्यात अर्थ आहे.

या आजारात मात्र नाही. बेळगाव ते कोल्हापूर शंभराहून जास्त किलोमीटर. कातडी नसलेल्या माणसाला पावसाळी हवेत दोन-अडीच तास गाडीत ठेवायचं म्हणजे अंग गार पडणार, पाणी कमी होणार, जखमा घासल्या जाणार. डॉक्टरांनी हलवायला साफ नकार दिला आणि मुलीने तो मानला. पश्चिम खानापुरातली माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातही जातात. तिथे २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागतं, आणि चोर्ल्याचा घाट वेगळाच. कुठल्या राज्याची योजना चांगली हा वाद अशा वेळी बाजूला ठेवावा. जवळात जवळ जिथे त्वचारोग, नेत्र आणि अतिदक्षता हे तिन्ही विभाग आहेत, तेच ठिकाण बरोबर.

बिलात न दिसणारा खर्च

गाड्या, ॲम्ब्युलन्स, जेवणखाण मिळून १६ हजार ८०० रुपये झाले. त्यात पहिल्या दिवशीच्या गाडीचे ३ हजार ५००, नर्सिंग होममधून हलवताना ॲम्ब्युलन्सचे १ हजार २००, घरी परतताना ३ हजार. बाकी पुरुष मंडळींचं येणं-जाणं आणि सगळ्यांचं जेवण. वहिनी आणि मुलगी शक्ती योजनेमुळे सरकारी बसने फुकट ये-जा करत होत्या, नाहीतर हा आकडा आणखी वाढला असता.

लावणी अर्धवट राहिली होती. भावकीतल्या बायकांनी पैऱ्याने, म्हणजे कामाच्या बदल्यात काम या रीतीने, ती पुरी केली, म्हणून वर्षाचं भात हातचं गेलं नाही. म्हैस ४५ हजारांना विकावी लागली. दुभती होती, त्यामुळे रोजच्या दुधाचे पैसेही थांबले. भावाने २५ हजार दिले, बायकांच्या बचत गटातून २० हजार उचलले. पतसंस्थेचं व्याज, बुडालेली मजुरी, दुधाचे पैसे, यातलं काहीही १ लाख ६७ हजारांत धरलेलं नाही.

आणि डोळे. कातडी तीन आठवड्यांत भरून आली, डाग राहिले तरी भरून आली. डोळ्यांचं तसं नाही. आतला ओलावा कमी झाला, काही पापण्यांचे केस आत वळून बुबुळाला घासतात. उजेड सोसत नाही, म्हणून भर दुपारी शेतात काम होत नाही. थेंब आणि मलमाला महिन्याला १ हजार ८०० रुपये लागतात. आईच्या खात्यावर कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार येतात, ते सध्या सगळे त्यातच जातात. पहिल्या तीन महिन्यांत थेंब, तपासण्या आणि गाडीभाडं मिळून ९ हजार खर्च झाले, ते १ लाख ६७ हजारांत धरले आहेत. हा खर्च किती वर्षं चालेल याची मुदत नाही. या आजाराचा खर्च डिस्चार्जच्या तारखेपर्यंतच मोजला तर हिशेब फसवा होतो. योजनेची रचना मात्र तशीच आहे: भरती असेपर्यंत खर्च, पुढचे थेंब ज्याचे त्याने.

नोंद आणि भरपाई

रुग्णालयातल्या फार्माकोलॉजी विभागाने या रिॲक्शनची नोंद केली. २०१० पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम चालतो, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. १८००-१८०-३०२४ या फुकट क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतात. गावातल्या डॉक्टरांकडून आणि मेडिकलवाल्यांकडून मात्र अशी नोंद क्वचितच जाते. त्यांना वाटतं की कळवलं तर आपल्यावर येईल. नोंद करणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे, हे आरोग्य खात्याने तालुका पातळीवर बैठका घेऊन सांगायला हवं.

नोंद झाली म्हणून पैसे मिळत नाहीत. वहिनींनी मला विचारलं, "दादा, गोळीनंच झालं म्हणून डॉक्टरच सांगतात, मग गोळीवाली कंपनी काही देत नाही काय वो?" आपल्याकडे औषधाच्या चाचणीत सहभागी झालेल्यांना भरपाईची तरतूद आहे, बाजारातून विकत घेतलेलं औषध बाधलं तर तसा सरकारी निधी नाही. जपानमध्ये १९८० पासून आणि तैवानमध्ये २००० च्या कायद्याने असा निधी आहे. तिथे औषध नीट लिहिलं, नीट घेतलं आणि तरीही बाधलं, तर उपचाराचा खर्च मिळू शकतो. लाखो लोकांना उपयोगी पडणाऱ्या औषधाने एखाद्याच घरावर संकट येत असेल, तर ते एकट्या त्या घराने सोसावं हे मला न्यायाचं वाटत नाही. अशा निधीची मागणी आपल्याकडेही व्हायला हवी.

ॲलोप्युरिनॉलची ही रिॲक्शन एचएलए-बी ५८:०१ या जनुकीय खुणेशी जोडलेली आहे, हे २००५ मध्ये तैवानमधल्या अभ्यासातून पुढे आलं. ही खूण वारशाने येते. म्हणून डॉक्टरांनी भाऊ आणि मुलगी दोघांनाही ही गोळी टाळायला सांगितलं. रुग्णाच्या पाकिटात आता आधारकार्डाच्या मागे एक जाड कागद आहे, त्यावर गोळीचं मूळ नाव मराठी, कन्नड आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय, कारण कंपनीगणिक नाव बदलतं आणि मेडिकलवाला मूळ नावच ओळखतो. घरातल्या इतर औषधांच्या चिठ्ठ्यांवरही त्वचारोग विभागाने तेच लाल शाईने लिहून दिलं आहे.

आत वळलेल्या पापण्यांवर छोटी शस्त्रक्रिया करावी लागेल असं नेत्रविभागाने सांगितलंय. सिव्हिलचं संदर्भपत्र मिळालं आहे, आरोग्य कार्डावरचं नाव आधारप्रमाणे दुरुस्त झालं आहे, मंजुरीसाठी कागद गेले आहेत. पतसंस्थेतलं सोनं सोडवायची मुदत मार्चपर्यंत आहे. भात विकून निम्मे पैसे भरता येतील असा भावाचा अंदाज आहे. बाकीच्या निम्म्यासाठी मुदतवाढीचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे.